बटणांच्या माळेवरचं इंग्रजी

३ मार्च, दुपार

ऐक गं म्हातारे. हे तुझ्यासाठी आहे, म्हणजे माझ्याचसाठी, दुसऱ्या कुणासाठी नाही. आणि हे तूच बोललीस हेही तू विसरणार, म्हणून आधीच सांगून ठेवते. काल दूध गॅसवर ठेवलंस आणि खिडकीत जाऊन उभी राहिलीस. करपल्याचा वास आला तेव्हा नाक मुरडून म्हणालीस, कुणाच्या घरात हा गलथानपणा चाललाय. तुझ्यासारखीनं रोजनिशी ठेवलेली बरी.

अक्षर तुला येत नाही. शिकली असतीस, पण जन्मभर शर्टांची काजं-बटणं करण्यात वेळ गेला. आता मुलानं फोनमध्ये सोय करून दिली आहे. आपण बोलायचं, फोन लिहितो. तारीख स्वतःच घालतो. बोट दाबलं की वाचून दाखवतो. उलट उत्तर देत नाही, या घरातला असा तो एकटाच. मी त्याला कारकून म्हणते.

तर विषय असा. सूनबाई हॉस्पिटलात नर्स आहे. स्वभावानं गोड आहे असं पेशंट म्हणतात; पेशंट आठवड्यात घरी जातात. तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळते आहे, राहायला क्वार्टर आहे. अट एकच, इंग्रजीची परीक्षा पास व्हायची. एकदा नापास झाली. आता मे महिन्यात दुसरी संधी, आणि तीच शेवटची. पास झाली तर मुलगा, सून आणि नात तिकडे जाणार.

जेवताना मी जाहीर करून टाकलं की मी कुठेही येणार नाही. माझी खिडकी इथे, माझा बटणांचा डबा इथे. माझ्यामुळे कुणाचं अडायला नको. मुलगा म्हणाला, हे आत्तापासून कशाला. मी म्हटलं, आत्तापासूनच. तिघंही खाली मान घालून जेवली. मोठेपणा पाहिला की माणसं अशीच गप्प होतात.

संकल्प: सूनबाईला पास करून दाखवणार. ती जाईल याचं मला काही वाटत नाही. कारकुना, हे ठळक लिही.

५ मार्च

अभ्यास म्हणजे काय ते आज बसून ऐकलं. ती वाक्य मोठ्यानं वाचते. वाक्यात एक जागा रिकामी. पुढे दोन उत्तरं. दोनातलं एक निवडायचं. झालं. याला परीक्षा म्हणतात. पांढऱ्या शर्टाला कुठलं पांढरं बटण, हे मी आयुष्यभर निवडलं. मला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही.

वाक्यं चमत्कारिक असतात. "द नर्स स्पोक सॉफ्ट" की "सॉफ्टली." म्हणजे नर्स हळू आवाजात बोलली. कुठली नर्स ते लिहिलेलं नाही. आमची नसावी.

निम्मा अभ्यास विशेषण की क्रियाविशेषण याचा, निम्मा काळांचा. सुनेनं समजावून सांगितलं की माणूस कसा आहे ते विशेषण, आणि तो काम कसं करतो ते क्रियाविशेषण. मी म्हटलं, हे दोन्ही कुठल्याही सासूला न शिकता येतं. ती हसली. हसण्यात अर्धं मिनिट वाया घालवलं. शिस्त कमी पडते आहे.

७ मार्च

खोड सापडली. उत्तरं पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेली असतात. ती वाक्य वाचते, जरा थांबते, पान उलटून बघते आणि म्हणते, हेच माझ्या मनात होतं. मनात काही नव्हतं. मी तोंडाकडे बघत होते.

तिलाही ते कळतं. म्हणाली, कुणीतरी उत्तरं धरून समोर बसायला हवं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांची अडकायची वेळ ठरलेली नसते, त्यामुळे त्याची यायचीही नसते. नातीला उत्तरं दिली तर ती भुवया उडवून खुणा करते. मग उरलं कोण? कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हाच मी ठरवलं.

८ मार्च, सकाळ

मार्ग निघाला. आंघोळ करताना सुचला.

मुलानं मागच्या पानावरची उत्तरं वाचायची. पहिलं, दुसरं, दुसरं, पहिलं. पहिल्याला मी पांढरं बटण ओवणार, दुसऱ्याला काळं. एका धड्याची एक माळ. मग सून वाक्य वाचून पहिलं की दुसरं ते सांगणार, मी बोटानं एकेक बटण सरकवणार आणि बरोबर की चूक ते सांगणार. आणि मागचं पान मी कच्च्या टाक्यांनी शिवून टाकणार, म्हणजे डोकावणं बंद.

मुलगा म्हणाला, आई, डोकं आहे तुझं. सून म्हणाली, खरंच छान सुचलं हो. मी काही बोलले नाही. स्तुतीनं हुरळून जाणाऱ्यांतली मी नाही. दुपारी फक्त खालच्या शेजारणीला सांगितलं. आणि मीटर बघायला आलेल्या माणसाला.

९ मार्च

माळा तयार. मुलानं वाचलं, मी ओवलं. सगळी उत्तरं ओवून झाली की शेवटी एक मोठं कोटाचं बटण घालायचं आणि गाठ मारायची. ही सुरुवातीची खूण. ते बटण धरलं की धड्यातलं पहिलं उत्तर हाताशी. चुकायला कुठे जागाच ठेवली नाही.

पान शिवलं. इतके सुबक टाके पुस्तकाच्या वाट्याला पहिल्यांदाच आले असतील.

११ मार्च

पहिली तपासणी. निम्म्याहून जास्त चूक.

मला फार वाईट वाटलं. इतकं की दुसरा कप चहा घ्यावा लागला. ती म्हणाली, एवढं कसं चुकेल, मागचं पान उसवून बघू का. मी म्हटलं, हीच ती खोड. पुस्तक मांडीखाली घेऊन बसले.

१६ मार्च

रोज तेच. ती आत्मविश्वासानं पहिलं सांगते, बटण काळं निघतं. मी चूक म्हणते. प्रेमानं म्हणते. नात म्हणाली, आजी, तू चूक म्हणताना हसतेस. मी तिला सांगितलं की माझ्या तोंडाची ठेवणच तशी आहे.

इंग्रजीबद्दल माझं मत: या भाषेला नियम नाहीत. कधी शब्दाला ली लावायचं, कधी नाही, मनाला येईल तसं. सून म्हणते, इंग्रजीच्या क्लासमध्ये याच्या बरोबर उलटं सांगतात. मी म्हटलं, क्लासवाली फी घेते, मी घेत नाही. मग खोटं बोलायचं कारण कुणाला आहे ते तूच ठरव. तिनं मान खाली घातली. पटलं असावं.

१९ मार्च

आज काळ. "बाय द टाइम द डॉक्टर केम, द पेशंट हॅड लेफ्ट." म्हणजे डॉक्टर येईपर्यंत पेशंट निघून गेला होता. मी विचारलं, कुठे गेला. घरी की आणखी कुठे? सून म्हणाली, ते परीक्षेत विचारत नाहीत. नर्सची परीक्षा आणि नेमकं तेच विचारत नाहीत.

शिवाय "शी हॅज बीन वेटिंग." ती केव्हाची वाट बघते आहे. कुणाची, कशासाठी, चहापाणी कुणी विचारलं की नाही, काही नाही. मला त्या बाईची दया आली. सून पुढच्या वाक्यावर गेलीसुद्धा.

अभ्यासाच्या वेळेत मी तिला आज फक्त गरम पाणी, पायाला तेल, खिडकी लावणं आणि खिडकी उघडणं एवढंच सांगितलं. मन एकाग्र करायला अडथळ्यांची सवय हवी. तिकडच्या वॉर्डात काय शांतता असणार आहे?

२५ मार्च

प्रगती आहे. पूर्वी ती उत्तर द्यायची आणि त्याला धरून राहायची. आता उत्तर देते, माझ्या तोंडाकडे बघते, आणि बदलते. मग ते बदललेलंही चुकतं. पण बघायला लागली हे महत्त्वाचं.

स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. मी बोलले नाही. फक्त मुलाला बोलले, ती ऐकत असताना.

२ एप्रिल

क्लासवालीनं चाचणी घेतली. सूनबाई सगळ्यांच्या खाली. क्लासवालीनं मुलाला फोन करून विचारलं की घरी काही झालंय का. फेब्रुवारीपर्यंत हिचं बरं चाललं होतं, आता ही बरोबर लिहिते आणि खोडून चूक करते. मुलानं काही नाही म्हणून सांगितलं. काही नव्हतंच.

संध्याकाळी सून ओट्याशी उभी राहून म्हणाली की परीक्षेतून नाव काढून घेते, पुन्हा नापास झाले तर वॉर्डात तोंड दाखवता येणार नाही. मी समजूत घातली. म्हटलं, खचू नकोस, प्रयत्न कर, पण आपला आवाकाही ओळखावा माणसानं. इथलं हॉस्पिटल काय वाईट आहे? बस दारात येते. नातीची शाळा जवळ. भिंतींना नुकताच रंग दिलाय.

तिनं नळ सोडला. मग भांडी घासायला लागली.

भूक छान लागली आज. हवा बदलली की लागते.

६ एप्रिल, दुपार

रिकामी बसले होते म्हणून एक माळ हातात घेतली. ओवताना पहिलं बटण दोऱ्याच्या कुठल्या टोकाला जातं, असा काहीतरी विचार मनात आला. आणि कोटाचं बटण मी आधी घातलं की शेवटी. तेवढ्यात डोळ्यांत पाणी आलं, कांद्याचं असेल, शेजारी कुणीतरी चिरत असणार. माळ डब्यात ठेवून दिली. म्हातारपणी बारीक गोष्टींचा फार विचार करू नये, डॉक्टरही हेच सांगतात.

८ एप्रिल

मुलाला सुट्टी होती. सोफ्यावर पडला होता. सून वाचत होती, "द बेबी स्लेप्ट पीसफुली." बाळ शांतपणे झोपलं. मी बटण सरकवलं आणि चूक म्हटलं. मुलगा उठून बसला. म्हणाला, हे बरोबर आहे, एवढं मलाही येतं. मी म्हटलं, तू लिफ्टकडे लक्ष दे.

त्यानं कात्री आणली. माझे टाके कापले. एकेक नीट उसवता आला असता, पण नाही. मागचं पान उघडलं, माळ हातात घेतली, इकडून बघितली, तिकडून बघितली. मग त्यानं पहिलं ओवलेलं बटण शोधलं. ते कोटाच्या बटणापासून सगळ्यात लांब, दुसऱ्या टोकाला होतं.

"आई," तो म्हणाला, "महिनाभर तू हिला गच्चीवरून मजले मोजायला लावलंस."

म्हणजे असं, की धड्यातलं शेवटचं उत्तर मी पहिलं म्हणून धरत होते. प्रत्येक माळेत. त्यात माझी काय चूक? दोराच तसला. पूर्वी दोरे जाड असायचे, दोन्ही टोकं ओळखू यायची.

सून चिडेल म्हणून मी आधीच चिडून बसले होते. ती चिडली नाही. उठून तोंड धुऊन आली. म्हणाली, मागचं पान आता उघडंच राहू द्या. एवढंच. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तयार होतं.

९ एप्रिल

परीक्षेतून नाव काढायचं तिनं रद्द केलं. म्हणाली, म्हणजे मला येत होतं तर. दिवसभर हेच, निराळ्या निराळ्या आवाजात. मला येत होतं. भांडी घासतानाही.

एवढा आत्मविश्वास तिला कुणामुळे आला? महिनाभर कुणी चूक म्हटलं नसतं तर आपल्याला येतं हे तिला कळलं कसं असतं? मी बोलून दाखवलं नाही. माणसानं आपलं श्रेय मागू नये. कारकून लिहून ठेवतोच आहे.

संकल्प: माळा नव्यानं ओवणार. कोटाचं बटण आधी.

१५ एप्रिल

नव्या माळा, आणि सूनबाईची उत्तरं एकामागून एक बरोबर. मी बटण सरकवायच्या आत ती सांगते. शिकवणारी हाताला यश असलेली हवी. खालच्या शेजारणीला सांगितलं. मीटरवाल्याची तारीख अजून आली नाही.

एकच खटकलं. उत्तरं देताना ती मटार सोलत होती. लक्ष अभ्यासात नव्हतं, तरी बरोबर.

२३ एप्रिल

सूनबाई तिकडचं क्वार्टर बघून आली. दोन खोल्या. आज माझा शिवणाचा टेप घेऊन माझी खाट मोजत होती. लांबी, रुंदी. मी विचारलं, हे काय चाललंय. म्हणाली, तिकडे खिडकीखाली एक कोपरा आहे, त्यात तुमची खाट बसते, तुम्ही चला ना.

मी म्हटलं, मला कोपऱ्यात बसवायला टेप कशाला लागतो. आणि मी येणार नाही हे मार्चमध्येच सांगितलंय. परीक्षेचा पत्ता नाही आणि खाटा मोजताय.

तिनं टेप गुंडाळून जागेवर ठेवला. टेप नीट गुंडाळते, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

खिडकी कुठल्या बाजूला उघडते ते विचारायचं राहिलं. सहज.

३० एप्रिल

नात माझ्याजवळ झोपते आणि झोपायच्या आधी सगळं ओकते. काल रात्री म्हणाली, आजी, आई खरा अभ्यास हॉस्पिटलातच करते, धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीत. तिथे तिच्याबरोबरची नर्स तिला प्रश्न विचारते. दुपारचा डबा दोघी तिथेच खातात. मी विचारलं, मग संध्याकाळी माझ्यासमोर बसते ते काय? नात म्हणाली, ते तुला वाईट वाटू नये म्हणून, बाबांनी मला सांगू नको म्हटलंय.

म्हणून मटार.

मी विचार केला. चादरींची खोली म्हणजे सराव. पाया घरचा. पाया दिसत नाही, म्हणून लोक चादरींना श्रेय देतात. कळूनही मी सूनबाईला काही बोलले नाही. आज तिला अभ्यासाला बसवलं तेव्हा मात्र मी सगळी उत्तरं चूक म्हणून पाहिली. ती म्हणाली, बरं. आणि पुढचं वाचलं.

१० मे, सकाळ

आज परीक्षा. मुलानं तिला सोडायला सुट्टी घेतली होती.

मी उठले तोच छातीत धडधड. मुद्दाम कुणी धडधड करून घेत नाही. मी पलंगावर आडवी झाले आणि सुनेला सांगितलं की तू जा, माझी काळजी करू नकोस, काय व्हायचं ते होईल, परीक्षा महत्त्वाची. हे जरा मोठ्यानं सांगावं लागलं, कारण ती स्वयंपाकघरात होती.

ती आली. घड्याळाकडे बघत नाडी धरली. रक्तदाबाचा पट्टा बांधला, फुगवला, सोडला. जिभेखाली थर्मामीटर ठेवला, त्यामुळे तेवढा वेळ मला बोलता आलं नाही. छातीला नळी लावून दोनदा ऐकलं. घाई नव्हती तिला. मग माझ्या अंगावरची चादर सारखी केली.

"नाडी माझ्यापेक्षा चांगली आहे तुमची," ती म्हणाली. "तरी हे थांबतील तुमच्याजवळ. मी आल्यावर परत बघते."

आणि गेली. एकटी, बसनं. हळू आवाजात बोलली आणि हळूच दार लावलं.

मुलगा खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. काही विचारलं नाही. तेच वाईट. मी दोन पाव आणि अंडं खाल्लं, त्याला बरं वाटावं म्हणून.

२८ मे

सूनबाई पास.

हॉस्पिटलातून फोन केला तिनं. मुलाला नाही, आधी मला. म्हणाली, आई, झाले मी. आवाज रडका होता. मागे त्या चादरवाल्या नर्सचाही आवाज येत होता.

काय बोलावं ते मी आधीपासून जुळवून ठेवलं होतं, मोठं होतं, नीट होतं. ऐनवेळी एवढंच निघालं की मीठ संपलंय, येताना घेऊन ये.

तिनं आणलं.

५ जून

खोकी भरणं चालू आहे. मी निर्णय घेतला आहे. माझ्या शब्दाचा मी फेरविचार करू शकते. माणसानं हट्टी असू नये. कुणी आणखी एकदा विचारलं तर आधी नाही म्हणेन, मग जरा थांबेन, मग नातीकडे बघून सुस्कारा टाकेन आणि म्हणेन, तुमचा एवढा आग्रहच असेल तर. नमुना म्हणून कारकुनाला दोनदा म्हणून दाखवलं. सुस्कारा तो लिहीत नाही.

बॅग काढून खोलीच्या मधोमध ठेवली आहे, सगळ्यांना अडखळायला होईल अशी. नातीनं विचारलं, आजी, बॅग कशाला? मी म्हटलं, ऊन दाखवायला. आता ऊन दाखवणं आलं.

८ जून

मुलगा बॅगेला अडखळला. बाजूला ठेवली. विचारलं नाही.

सूनबाईनं माझ्या गोळ्या डब्यांत लावून दिल्या. सकाळच्या पांढऱ्या झाकणाच्या डब्यात, रात्रीच्या काळ्या. खालच्या शेजारणीला किल्ली दिली, रोज डोकवायला सांगितलं. माझ्यासाठी एवढं करणाऱ्या बाईला एक साधा प्रश्न विचारायला सुचत नाही.

११ जून, दुपार

उद्या जाणार. मी स्वतःच विषय काढला. सहज. म्हटलं, लोक काय म्हणतील, म्हातारीला विचारलंसुद्धा नाही.

सूनबाई दोरी बांधत होती. गाठ पुरी केली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"दोनदा नाही म्हणालात तुम्ही. मग मी विचारायचं थांबवलं. सारखं समोर बसून विचारत राहिलं की माणूस आपलं बरोबर उत्तरही बदलतो, आई. हे मी या घरातच शिकले."

चेष्टा केली की मान राखला ते कळेना. तिच्या तोंडाकडे बघितलं. काहीही दिसलं नाही. नर्सना हे शिकवत असावेत.

मी म्हटलं, बरोबर आहे, मी येणार नाहीच आहे.

मुलगा दाराशी उभा होता. तो बोलणार होता असं मला वाटलं. मग त्याचा फोन वाजला. कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं.

१३ जून

काल गेले. आता घर मोठं झालं. अभ्यासाचा गोंगाट नाही, गरम पाणी मी माझं मला करून घेते, खिडकी मी लावते आणि मीच उघडते. कुणाला चूक म्हणायचं नाही. किती शांत वाटतं.

संध्याकाळी सवयीनं माळ घेऊन बसले. बटणं सगळी सरकवून झाली.

खालची शेजारीण डोकावली, आहात ना, म्हणाली आणि गेली.

१७ जून

नातीनं फोन केला. तिथे खिडकीखालच्या कोपऱ्यात काय ठेवलंय ते मी सहज विचारलं. म्हणाली, काही नाही, आई म्हणते सध्या असू दे मोकळा.

मी विषय बदलला. नंतर कारकुनाला तेवढंच पुन्हा सांगून वाचून घेतलं. काही खास नाही, शब्द नीट लिहितो की नाही ते बघायला.

२१ जून, सकाळ

कारकुना, आजचं लिहिलेलं माझ्याकडे ठेवू नकोस. सूनबाईला पाठव. आजचंच, मागचं नाही. मागचं पाठवलंस तर बटणांच्या डब्यात कोंडून ठेवीन.

सूनबाई, मी बरी आहे. गोळ्या वेळेवर घेते, पांढरं झाकण सकाळी. तुमची कुणाची आठवण वगैरे येत नाही. तू काल विचारलंस की खायला काही पाठवू का, आणि मी नको म्हटलं. ते घाईत म्हटलं. एकदाच म्हटलंय, दोनदा नाही, हे ध्यानात घे. तर पाठवायचंच असेल तर बिस्किटं नको, इथे पडून आहेत. ओली अंजिरं पाठव. पार्सलनं नको, वाटेत दबून त्यांचा चिखल होतो, ती कुणीतरी मांडीवर धरूनच आणावी लागतात. आणि पिकलेलीच घे, म्हणजे निघायला उशीर करता येणार नाही.